तीन बाटल्या आणि एक चढ

मी इंजिन बोलतोय. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीचं. मला डोळे नाहीत. बॉनेटखाली बसून जे ऐकू येतं आणि पायांचा जो दाब पोचतो, तेवढंच माझं जग. तुम्ही जसे चेहरे ओळखता, तशी मी पावलं ओळखतो.

दमलोय हो. खूप पळून दमलो असतो तर वाईट वाटलं नसतं. मी न पळताच दमलोय.

कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा तिथल्या कामगारानं अर्धा तास जोरात फिरवलं होतं. मला वाटलं, आयुष्य म्हणजे हेच. मग इथे आलो. चौदा वर्षं झाली. पहिला गिअर, दुसरा गिअर, गचका, बंद. परत चावी. पहिला गिअर, गचका, बंद. तिसरा गिअर सणासुदीच्या कपड्यासारखा, असतो पण निघत नाही.

लांब पळणाऱ्या इंजिनाच्या पोटातली घाण तापून जळून जाते. माझी जळायचीच नाही. काजळी बसत गेली. पेट्रोल आत सोडणारे माझे चार इंजेक्टर, त्यांची तोंडं बुजत गेली. पेट्रोल धुक्यासारखं यायला हवं, ते तिरक्या धारेनं यायला लागलं. मग नेमकं चढावर, क्लच सुटून माझ्यावर भार आला की, मला आवंढा गिळल्यासारखं व्हायचं. आणि मी बंद पडायचो.

शेजारच्या सीटवरून सर ओरडायचे, "क्लच! अहो, क्लच!"

सर म्हणजे शाळेचे मालक. माणूस वाईट नाही. पण इतकी वर्षं एकच शब्द ओरडून त्यांना दुसरं कारण सुचेनासं झालं होतं. गाडी बंद पडली म्हणजे शिकणाऱ्याचा पाय चुकला.

त्या शिंपीणबाई आल्या त्या अशा दिवसांत. वय पन्नाशीच्या आसपास. तीस वर्षं पायाचं शिलाई मशीन चालवलेली बाई. तिचं पाऊल क्लचवर पडलं आणि मी चकितच झालो. असा शांत, मोजका पाय माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. क्लच सोडायची तर सुतासारखा सोडायची.

आणि तरी मी तिला दोनदा नापास केलं. दोन्ही वेळा परीक्षेच्या चढावर, परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसलेले असताना, लागोपाठ बंद पडून.

तिला परवाना हौसेसाठी नको होता. नवरा व्हॅन चालवायचा, त्याची नजर अधू झाली. आठवड्यातून दोनदा त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरची गाडी दारात उभी.

"हे म्हणतात, तिसऱ्यांदाही राहिलं तर गाडी देऊन टाकू कुणाला तरी," तिनं एकदा सरांना सांगितलं. "रोज दारात बघून त्यांना त्रास होतो. मलाही होतो."

"ताई, होईल. फक्त पाय सुधारा."

"सर, माझा पाय चुकत नाही हो."

"सगळे असंच म्हणतात."

तिचा पाय मात्र पेडलवर तसाच स्थिर होता.

सरांचा मेहुणा मेकॅनिक. त्यानं एक दिवस बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "दाजी, याचे इंजेक्टर कोंदलेत. दोन दिवस गाडी सोडा माझ्याकडे, काढून धुतो."

"परीक्षा तीन आठवड्यांवर आल्यात आणि गाडी सोडू? बाटली मिळते ना, घाण सोडवायला टाकीत ओतायची, ती आणतो."

"बाटल्या तर छप्पन्न मिळतात. कुठली आणणार?"

"जिच्यावर इंजिनाचं चित्र असेल ती."

"वा! म्हणजे लग्नाची मुलगीपण तुम्ही फोटोवरूनच..."

"तुझ्याच बहिणीचा फोटो होता, गप्प बस."

हसणं झालं. शिंपीणबाई तिथेच वर्गाची वाट बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुठली चांगली ते नुसतं सांगून कसं कळेल? आम्ही दोऱ्याची रिळं बघतो ना, एकाच कापडावर, एकाच मशीनवर, एकच शिवण घालून बघतो. तसं करा की. तोच चढ, दहा वेळा गाडी उचलायची. किती वेळा बंद पडते ते मी मांडते."

त्यांच्या पर्समध्ये कापडावर खुणा करायचा खडू होता. बाटली ओतायच्या आधीच त्यांनी दहा वेळा मला चढावरून उचललं. बंद पडलो की डॅशबोर्डवर एक रेघ. चार रेघा झाल्या.

पहिली बाटली आली, लाल झाकणाची म्हणे. सरांनी ती ओतून टाकी भरली. तोंडात घेतल्याघेतल्या मला कळलं की हिच्यात रॉकेलच्या वासापलीकडे फारसं काही नाही. आठवड्यात टाकी संपली. परत तोच चढ. परत चार रेघा.

दुसरी निळ्या झाकणाची. ही जरा बरी होती. काजळीचा वरचा थर तिनं भिजवला, पण भिजवून तिथेच ठेवला. रेघा तीन.

"बघा, एक रेघ कमी झाली," सर म्हणाले. "बाटलीचं काम झालं. आता उरलेल्या तीन पायाच्या."

मेकॅनिक चढाच्या कडेला उभा होता. "दाजी, एक करा ना. तुम्ही बसा."

"कुठे?"

"स्टिअरिंगवर. दहा वेळा तुम्ही उचला. मग पायाच्या किती आणि इंजिनाच्या किती ते दिसेलच."

सर हसले. दरवाजे उघडले, मिटले. आणि चौदा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ते माझ्या क्लचवर आले. माणूस रोज माझ्यात बसायचा, पण शेजारी. दुसऱ्याचं चुकलेलं बघायला.

पहिल्यांदा नीट उचललं. दुसऱ्यांदा आवंढा आला. गचका. बंद.

मला खडूचा आवाज ऐकू आला, एवढंच.

मी मुद्दाम केलं नाही हो. त्या चढावर मला कुणाचाच पाय वेगळा वाटत नव्हता. दहा झाले तेव्हा सरांच्या नावावर चार रेघा होत्या. ताईंपेक्षा एक जास्त.

"क्लच, दाजी," मेकॅनिक हळूच म्हणाला.

सर हसले नाहीत. मग म्हणाले, "ताई, त्या दोन्ही वेळा..."

"हो."

"मी साहेबांसमोर म्हणालो होतो, यांचा पाय कच्चा आहे."

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "तिसऱ्या बाटलीचं काय करायचं ते बोला."

तिसरी मेकॅनिकनं आणली. काळ्या झाकणाची. तो म्हणाला, "ही साचलेलं खरं सोडवते. पण गल्लीत फिरून उपयोग नाही. इंजिन चांगलं तापलं पाहिजे. लांबच्या रस्त्यावर न्या, वरच्या गिअरमध्ये पळवा."

"कोण नेणार?"

"मी," सर म्हणाले. मग थांबले. "नाही. ताई, तुम्ही न्या. मी शेजारी बसतो. बोलणार नाही."

त्या सकाळी ताईंनी मला तिसऱ्या गिअरमध्ये टाकलं आणि मला क्षणभर काय करायचं ते सुचेना. मग चौथा. शहर मागे पडलं. पोटात जुनं काहीतरी सुटायला लागलं, कडू, काळं, आणि जळून मागच्या नळीतून बाहेर जायला लागलं. सर खरंच बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "छान."

आठवडाभर ती रोज सकाळी मला तासभर पळवून आणायची. टाकी संपली. चढ. दहा वेळा उचललं. एकही रेघ नाही.

मेकॅनिक खूश. "बघितलं? काळं झाकण!"

"पण भाऊ," ताई म्हणाल्या, "लाल आणि निळ्या बाटलीला आपण कुठे एवढं पळवलं? मग तुलना सारखी कशी झाली?"

तो म्हणाला, "ते पण खरंच." मला विचाराल तर निम्मं श्रेय बाटलीचं, निम्मं त्या रस्त्याचं. लाल बाटलीला कितीही पळवलं असतं तरी तिनं काही केलं नसतं, एवढं मात्र नक्की.

परीक्षेच्या दिवशी साहेब शेजारी बसले. चढ आला. मी तयार होतो. पोट साफ, पेट्रोल धुक्यासारखं. आणि त्या घाबरलेल्या बाईनं घाईत क्लच एकदम सोडून दिला. गचका. बंद.

मला फार वाईट वाटलं. आता ही रडणार, दार उघडून जाणार.

ती चक्क हसली. "साहेब, हा गचका माझा होता," म्हणाली. चावी फिरवली आणि सुतासारखा क्लच सोडला. मी तिला चढावरून वर नेलं. साहेबांनी कागदावर सही केली, ती पेनची कुरकुर मी ऐकली. नवऱ्याला दवाखान्यात न्यायला आता तिची ती गाडी आहे. माझी तिची गाठ परत पडली नाही.

मी पुन्हा गल्लीत. पहिला गिअर, दुसरा गिअर. काजळी परत बसायला लागली आहे, मला कळतं. सर मधूनमधून स्वतः स्टिअरिंगवर बसून बघतात, लांब नेऊन आणतात. पण आता माझंही फार राहिलं नाही. पुढच्या वर्षी नवीन गाडी येणार असं बोलणं ऐकलंय. येऊ दे. मी सुटेन.

एकच गोष्ट सलते. ताई टिकल्या म्हणून त्यांचं खरं निघालं. पण त्यांच्याआधी कितीतरी पावलं आली. दोन आठवडे, तीन आठवडे आली आणि मग यायची थांबली. त्यांतली काही फार चांगली पावलं होती. ती माणसं आजही कुठेतरी म्हणत असतील, मला काही जमत नाही बाबा, माझा पायच तसला.

त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असाल, तर ऐका. त्या चढावर तुम्ही क्लच बरोबर सोडला होता. बंद मी पडलो होतो.