इस्त्रीखाली गेलेली चिठ्ठी

मी एक चिठ्ठी बोलतेय. कोरी दिसते म्हणून पुढे जाऊ नका. माझ्या पोटात चार ओळी आहेत, खाली एक सही आहे, आणि मी कोर्टाच्या लोखंडी कपाटात, दोन जाडजूड फायलींच्या मध्ये अडकून पडले आहे.

माझा जन्म शिवणाच्या दुकानातला. दुकान चालवणाऱ्या बाईंनी बाहीचा कागदी नमुना कापला आणि उरलेल्या तुकड्यातून मी निघाले. त्या दिवशी शेजारचा आइस्क्रीमवाला काउंटरला रेलून उभा होता. त्याचा फ्रीजर बंद पडला होता आणि नव्यासाठी चाळीस हजार कमी पडत होते.

"ताई, दोन महिन्यांत आणून देतो. हवं तर लिहून देतो."

"लिहूनच दे बाबा. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे आहेत ते."

दुकानात हाताशी पेन एकच, कापडावर खुणा करायचं. इस्त्री फिरवली की त्याच्या रेघा नाहीशा होतात. बाईंना हे माहीत नव्हतं थोडंच? आयुष्य गेलं त्यात. पण रोजच्या सवयीपुढे शहाणपण चालत नाही. त्यांनीच ते पेन त्याच्या हातात दिलं. त्याने चार ओळी लिहून खाली झोकात सही ठोकली आणि मी घडी होऊन बटणांच्या डब्यात गेले.

दोन महिन्यांचे चौदा झाले. आधी तो "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणायचा, मग बाई दिसल्या की फोन कानाला लावू लागला. नवा फ्रीजर मात्र भिंतीपलीकडे दिवसभर गुरगुरायचा. उसने मागताना माणूस किती मऊ असतो आणि परत द्यायच्या वेळी किती कामात असतो, हे मी डब्यात पडल्यापडल्या शिकले.

शेवटी बाईंनी लहान रकमांच्या कोर्टात दावा लावायचं ठरवलं. मला बाहेर काढलं, घड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "असं चुरगळलेलं कोर्टात न्यायचं? लोक काय म्हणतील!"

वर फडकं टाकून त्यांनी माझ्यावर इस्त्री फिरवली. एकेक ओळ आत जात होती आणि मला कळत होतं. पण ओरडायला मला तोंड कुठे आहे? मग फडक्याआडूनच, उलगडून न बघता, त्यांनी मला पाकिटात सरकवलं. कोर्टाच्या कारकुनाने पाठीवर शिक्का मारून फाइलला टाचलं.

न्यायाधीशांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "बाई, हा तर कोरा कागद आहे."

आइस्क्रीमवाला क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं आठवत होतं, मी त्याचा चेहरा पाहिला ना. मग घसा खाकरून तो म्हणाला, "साहेब, मी काही घेतलेलंच नाही."

दावा फेटाळला.

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना कापडावरची रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, तेव्हा माझं काय झालं ते त्यांना उमगलं. आणि मग त्यांना एक कोट आठवला. गिऱ्हाईक तो सहलीला जाऊन हिमवर्षावात घालून फिरलं होतं आणि पुसलेल्या सगळ्या खुणा परत उमटल्या म्हणून भांडायला आलं होतं. कडक थंडीत ही शाई परत येते! बाई तशाच कोर्टात धावल्या.

"मूळ कागद अपिलाची मुदत संपल्यावर परत मिळतो," कारकून म्हणाला.

"अहो, पण कागद नाही तर अपील कशाच्या जोरावर करू?"

"ते मी कसं सांगू, मावशी? नियम आहे." माणूस वाईट नाही. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. किल्ली मात्र खिशातच ठेवली.

अपिलाच्या मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत. फीची तारीखही त्याच आठवड्यात आहे, आणि बाईंचं शिलाई मशीन विकत घ्यायला एक जण येऊन बघून गेलाय. बाई रोज डब्यात बर्फ, जास्त गार व्हावा म्हणून मीठ घातलेला, घेऊन काउंटरपाशी बसतात. "तुमच्यासमोर, कागदाला एकदाच टेकवू द्या," म्हणतात. दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. ते ओतून त्या घरी जातात.

बर्फ त्या शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडूनच घेतात, दुसरं दुकान लांब आहे. काल कारकुनाला सांगत होत्या, ते मी कपाटातून ऐकलं. "तो विचारतो, ताई, रोज एवढा बर्फ कशाला? मी म्हटलं, लागतो. पैसे मोजून घेतो हो, एक रुपया सोडत नाही."

कारकूनसाहेब, मला बाहेर नेऊ नका हवं तर. फक्त कपाट उघडा आणि तो डबा माझ्यावर ठेवा. त्याच्याच फ्रीजरचा बर्फ आहे. त्याची सही तोच वर आणेल.