आरमाराचा दगड

गाडी नरडाण्याहून सुटल्यापासून कुंदाबाई खिडकीबाहेर बघत होती. समोर सासू, धुरपदाबाई, निवांत भाकरी खात होती. ठसका मात्र सुनेला लागत होता, आणि तिनं तर तुकडाही मोडला नव्हता.

भिकन, धुरपदाबाईचा लेक, लढाईत आरमारात गेला. जहाज बुडालं तेव्हा तार आली ती ‘बेपत्ता’ म्हणून. बेपत्ता माणसाची अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरत नाहीत, आणि त्याच्या बायकोचं कुंकूही पुसत नाहीत. तेव्हापासून दोघी अशाच अधांतरी. आता भुसावळला, परत आलेल्या खलाशांनी वर्गणी काढून बुडालेल्या सोबत्यांचा दगड उभारला होता. भाऊबंदांनी ठरवलं, दगडावर नाव असेल तर फोटो काढून आणा; मग यंदा घागर भरू, आणि सुनेचं कपाळही... पुढचं कोणी बोललं नाही. गरजही नव्हती.

कुंदाबाई चौथी शिकलेली, सासूला अक्षर फुटत नव्हतं. गाडीतच कुंदाबाईनं ठरवून टाकलं : नाव असलं तरी ‘नाही’ म्हणायचं.

दगडासमोर तिपाई लावता लावता फोटोवाला रुपचंद म्हणाला, “नाव शोधून ठेवा, बाई. ऊन चढलं तर नुसता दगड चकाकेल.”

धुरपदाबाईनं पहिल्या ओळीवर बोट टेकलं. “वाच व.”

“जीवराम.” बोट खाली सरकलं. “निंबा.” बोट खाली.

तिसरा भिकन होता. खोल, ठसठशीत कोरलेला. लग्न झाल्यापासून तिची जीभ त्या नावावरून उडी मारायला शिकली होती, तशीच ती आताही मारून गेली. “चुडामण. अभिमन. लीलाधर... झालं, आत्याबाई. नाही त्यात.”

सासूचं बोट हललं नाही. नावागणिक एकेक ओळ उतरत आलेल्या त्या बोटाखाली अजून एक ओळ उरली होती.

“मंग याले काय म्हनतस?”

जगातलं कुठलंही नाव चाललं असतं. कुंदाबाईला एकही आठवेना.

“दुसरानं नाव ऱ्हातं त तू कवयच बोलती,” धुरपदाबाई हळू म्हणाली आणि दगडाशी मटकन बसली. मग पदरानं नाक पुसून उठली. “काढ रे भाऊ फोटो.”

कुंदाबाईचा हात आपसूक कुंकवाकडे गेला. सासूनं तो खाली ओढला.

“ऱ्हाऊ दे. घागर मी भरसू, लेक मना व्हता. कपाय तुनं शे. भाऊबंदना बापनं नई.”

“बाई, तुम्ही बाजूला व्हा,” रुपचंद ओरडला, “दगडावर सावली पडतेय.”

“बाजूले कसाले? नवरा-बायकोना फोटो शे तो!” सासू त्याच्यावर खेकसली आणि सुनेकडे वळली. “तठे नको व, डावा हातले उभी ऱ्हाय. लगीनमा बी अशीच चुकनी व्हती.”

कुंदाबाई डावीकडे सरकली. घरी भाऊबंद हा फोटो बघून काय म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. रुपचंदनं काळ्या कापडात डोकं घातलं, तशी तिनं पदर जरा मागे सारून कपाळ उघडं केलं.