लाल दोऱ्याखालचं पाणी

भिंतीला टेकवलेल्या काठ्यांमधली डावीकडून चौथी, ती मी. रंगानं काळपट, अंगावर मिठाचे पांढरे डाग, आणि खालून हातभर उंचीवर चाकूनं पाडलेली एक खाच. शेजारची बांबूची काठी मला चोंबडी म्हणते. म्हणू दे. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवयच आहे. काठीला नाक कुठून आलं, असं विचारणाऱ्यांनी पुढे ऐकलं नाही तरी चालेल.

ही खोड मला कशी लागली ते सांगते. मी जन्मापासून काठी नव्हते, होडीचं वल्हं होते. आता वल्हवणारा माणूस कुठं तोंड करून बसतो, पाहिलंय कधी? ज्या काठावरून निघाला त्या काठाकडे. निघालो ती जागा लहान लहान होत जाताना दिसायची, पण जातोय कुठं, ते पाठीमागे. नऊ वर्षं मी असं काढलं. समोर काय असेल, याची जी हुरहुर तेव्हा लागली ती लागलीच.

एकदा खडकावर आपटून माझे दोन तुकडे झाले. पात्याचं सरपण झालं. दांडा होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या शेडमध्ये डांबर ढवळायला राहिला, आणि तो दांडा म्हणजे मी. वरपासून खालपर्यंत काळी झाले, वासानं जीव नकोसा झाला.

तिथं एक दिवस शिंपीणबाई आली. गळ्यात मोजायची टेप, ओठांत टाचणी. सुताराच्या होडीचं फाटलेलं शीड तिनं शिवून आणलं होतं. सुतारानं शिवण ओढून पाहिली, खूश झाला आणि म्हणाला, "बोला, काय देऊ?"

"काठी द्या. लांब चालायचंय."

"किती लांब?"

"किनारा संपेपर्यंत."

सुतार हसला. जुन्या दीपस्तंभापासून किनाऱ्याच्या शेवटच्या दगडापर्यंत जाणारी यात्रेची वाट आहे, एका दमात चालली तर दीड महिन्याची. त्या दगडावर एक लहानसं देवस्थान आहे. बाईला दुकान टाकून दीड महिना जाणं जमणार नव्हतं. तिनं हिशेब असा घातला की दरवर्षी चार दिवस चालायचं, आणि पुढच्या वर्षी जिथं थांबलो तिथून पुढे निघायचं.

सुतारानं मला रंधा मारून साफ केलं. बाईनं टेप लावून स्वतःच्या कोपराची उंची घेतली आणि बरोबर तिथं मला कापायला लावलं. मग सुतार म्हणाला, "वाटेत खाड्या लागतील. पूल सगळीकडे नाहीत. ओहोटीला पायी उतरावं लागतं. पाणी गुडघ्यापर्यंत असलं तर तुम्ही चालता. गुडघ्याच्या वर गेलं की पाणी तुम्हाला चालवतं." बाईनं मान डोलावली, मला पायाशी उभं केलं, गुडघ्याच्या उंचीवर खाच पाडली आणि तिच्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळला. पाण्यात आधी मला रोवायचं. दोरा कोरडा राहिला तर पुढे, भिजला तर मागे. गुडघ्याला बाशिंग बांधून निघालेली काठी जगात मी एकटीच असेन.

वर्षाचे चार दिवस वाटेवर, बाकीचे दुकानाच्या दारामागे. तिथून मला माणसं दिसायची. माप देताना सगळे पोट आत ओढतात, आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. म्हणून बाई घेतलेल्या मापात गुपचूप दोन बोटं वाढवायची. तिचा नियम एकच: लांबी बदलली की सगळ्या खुणा पुन्हा घ्यायच्या. आतल्या मशीनवर तिची लेक बसायची. हातानं झपाट्याची, तोंडानं त्याहून झपाट्याची. बाई वाटेवर निघाली की लेक गिऱ्हाइकांना सांगायची, "आईला दुकानाचा कंटाळा आला की देव आठवतो."

वाटेवर चालणारे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो "कशासाठी?" मला तर हे ऐकायला दोन कानही पुरायचे नाहीत. एक पाववाला मेव्हण्याशी पैज लावून आला होता. एका मास्तरांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि ते इतके चालले की डॉक्टरांनीच आता थांबा म्हणून निरोप पाठवला. एक जाडजूड कारकून तर खरं बोलला. म्हणाला, "घरी पाहुणे येणार होते."

आणि माझी मालकीण? एकाला सांगायची, "वारा खायला." दुसऱ्याला, "गुडघे मोकळे करायला." तिसऱ्यानं फारच खोदून विचारलं तर, "तुमची बाही आखूड आहे हो, कुणी शिवली?" ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई. अकरा वर्षं तिच्या हातात राहून मला पत्ता लागला नाही, आणि त्यानं माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

बाराव्या वर्षी शेवटचे चार दिवस उरले. बाईच्या गुडघ्यांनी तोवर हात टेकले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, त्यानंतर लांबचं चालणं विसरा. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. लेक म्हणाली, "मी येते बरोबर." बाई नको नको म्हणत होती, पण तिच्या आवाजात हो होतं.

आता ऐका, घोळ कुठं झाला. मी बारा वर्षांत दोन बोटं झिजले होते. बाईला वाकून चालावं लागायचं. लेकीच्या ते लक्षात आलं. आईला न सांगता ती मला कोपऱ्यावरच्या नळवाल्याकडे घेऊन गेली आणि माझ्या टोकाला चांगली वीतभर लोखंडी नळी बसवून आणली. खाली रबरी बूच. जुना दोरा विटला होता, तो काढून नवा लालभडक दोरा तिनं त्याच खाचेत गुंडाळला. काम बघाल तर सुबक. पण मी खालून वाढले, म्हणजे खाच वर गेली. गुडघ्याची खूण मांडीला जाऊन बसली. शिंप्याच्या घरात वाढलेली लेक, तिला हे कळायला नको? पण कपड्याची लांबी बदलली की खुणा आठवतात. काठीला कोण कपडा समजतं?

आणि बाई तरी! आल्यागेल्याच्या पाठीला टेप लावणारी ती, मला हातात घेऊन म्हणाली, "वा, आता पाठ वाकणार नाही," आणि झालं. लेकीनं दिलेली वस्तू ना, मोजायची कशाला. मी आतून ओरडत होते. पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकतं?

पहिल्याच दिवशी लेक दगडांवर आपटली आणि तिच्या पँटचे दोन्ही गुडघे फाटले. बाईनं मुक्कामाच्या घरी बसून त्यांवर ठिगळं लावली. पिशवीत पिवळं कापड होतं, म्हणून पिवळी. लेक म्हणाली, "आई, मी चाळीस वर्षांची आहे. लोक हसतील." बाई म्हणाली, "हसू दे. लांबून ओळखू येशील." पुढचे दोन दिवस कडेकपाऱ्यांतून गेले. जिथं पाणी आडवं आलं तिथं लाकडी पूल होता. मला पाण्यात रोवायची वेळच आली नाही.

चौथ्या दिवशी शेवटची खाडी लागली. पलीकडे, अगदी डोळ्यांसमोर, तो शेवटचा दगड. मुक्कामाच्या घराच्या मालकिणीनं सकाळी बजावलं होतं, ओहोटीचा एकच तास मिळतो, उशीर झाला तर सरळ परत या. बाईच्या गुडघ्यांमुळे उशीर झालाच. पाणी पुन्हा भरायला लागलं होतं, पण वरून बघणाऱ्याला ते शांत दिसत होतं.

"तू थांब, मी बघून येते," लेक म्हणाली आणि मला घेऊन उतरली.

चार पावलांवर तिनं मला रोवलं. दोऱ्याखाली चांगली वीतभर जागा कोरडी. "दोरा कोरडा आहे, आई. ये तू." आणखी चार पावलं गेली. पुन्हा रोवलं. दोरा अजून कोरडाच. तिचे डोळे दोऱ्यावर, स्वतःच्या पायांकडे बघायला वेळ कुणाला? बारा वर्षं ऐकलेलं ना, दोरा कोरडा तर पुढे. पाण्याची ओढ मला कळत होती. नऊ वर्षं मी पाण्याशीच झगडलेली. मी थरथरले. तिला वाटलं, वाऱ्यानं.

बाईला जवळचं दिसत नाही, सुईत दोरा लेकच ओवून देते. पण लांबचं तिला सगळं दिसतं. ती काठावरून बघत होती. एकदम म्हणाली, "ठिगळ कुठंय?"

"काय?"

"तुझ्या गुडघ्याचं ठिगळ दिसत नाही मला. पिवळं. दोरा कोरडा आहे तर ठिगळ बुडालं कसं? मागे फिर. आधी मागे फिर, मग बोल."

लेकीनं खाली पाहिलं. तेवढ्यात पायाखालची वाळू सरकली. म्हण म्हणून नाही सांगत, खरोखरची वाळू. ती आडवी झाली आणि दोन्ही हातांनी मला लटकली. माझी नळी वाळूत खोल रुतलेली, म्हणून मी उभी राहिले. ती उठली, मला हिसडून ओढलं, आणि नळी बुचासकट वाळूत राहून गेली. भिंतीला धरून चालावं तशी उरलेल्या मला धरून लेक काठाला आली.

बाईनं काय करावं? चाळीस वर्षांच्या लेकीच्या गालावर फटकन एक ठेवून दिली.

"अगं, मारतेस काय?"

"मारू नको तर काय पूजा करू?" आणि मग तिला पोटाशी धरून बाई रडायला लागली. बारा वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "बारा वर्षांपूर्वी तू दवाखान्यात खाटेवर होतीस. तुझी छाती भरली होती, डॉक्टर माझ्याशी बोलायचे टाळत होते. तेव्हा मी समुद्राला म्हटलं, हिला घरी पाठव, मी तुझ्या शेवटच्या दगडापर्यंत चालत येते. बारा वर्षं येतेय मी. आणि तू त्याच पाण्यात..."

बाईनं हातानं लेकीचं तोंड पुसलं. लेकीच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू जन्मभर माझे पाय चेपत बसली असतीस. तुला उपकार वाटला असता. तो मला नको होता."

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगायचे, आईला दुकानाचा कंटाळा येतो म्हणून."

"तेही खोटं नव्हतं," बाई नाक पुसत म्हणाली.

तर हे होतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वाटेवरच्या शंभर माणसांत उत्तर शोधत होते, आणि ते त्या दुकानात मशीनवर बसून बाह्या शिवत होतं.

त्या दोघी मुक्कामाच्या घरी परतल्या. बाईचे गुडघे सुजून टम्म झाले होते. लेक म्हणाली, "राहू दे आई, इथूनच नमस्कार कर." दुसऱ्या दिवशी सकाळी बाईनं माझा दोरा सोडला आणि टेप काढली.

"माझ्या गुडघ्याचं घेतेस?" लेकीनं विचारलं.

"तू उंच. दोघींत जी बुटकी तिचं माप धरायचं."

"सुजलेल्या गुडघ्याचं माप कुठून धरतात?"

"खालून. शिकवलंय ना तुला?" बाई म्हणाली आणि तिनं दोरा माझ्यावर नव्यानं बांधला, जुन्या खाचेच्या दोन बोटं वर.

ओहोटीच्या पहिल्या मिनिटाला दोघी पाण्यात उतरल्या. लेकीच्या खांद्यावर आईचा एक हात, दुसरा माझ्यावर. दर चार पावलांवर मला रोवायचं, दोरा बघायचा, आणि मग ठिगळही बघायचं. मधोमध पाणी दोऱ्याच्या एक बोट खाली येऊन थांबलं. बाईही थांबली. मग तिनं पुढचं पाऊल टाकलं.

शेवटच्या दगडावर काय आहे, हे बघायला मी इतकी वर्षं तडफडत होते. काही नाही हो. एक लहान गाभारा, दार नाही, आत एक गुळगुळीत दगड आणि सोसाट्याचा वारा. बाईनं हात जोडले नाहीत, काही मागितलंही नाही. लेकीला दंडाला धरून पुढे केलं आणि म्हणाली, "ही बघा. हीच ती."

लेक तिथंच मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मला वाटतं, मीही.

पोचलेल्यांनी आपली काठी या भिंतीला ठेवून जायची, म्हणजे इथून उलटं चालणाऱ्या कुणाला तरी ती मिळते, अशी इथली रीत आहे. लेक मला सोडायला तयार नव्हती. बाईनं मला भिंतीला टेकवलं, मग पुन्हा उचललं, आणि माझ्यावरचा लाल दोरा सावकाश उलगडून खिशात टाकला.

"तो राहू दे की," लेक म्हणाली. "कुणाला उपयोगी पडेल."

"तो माझ्या गुडघ्याचा आहे," बाई म्हणाली. "दुसऱ्याच्या मापावर कुणी पाण्यात उतरू नये."

दोघी खाली परतीच्या होडीकडे गेल्या; नवस चालत येण्याचा होता, जाण्याचा नाही. उतारावर पिवळी ठिगळं बराच वेळ दिसत होती.

म्हणून सांगते, या भिंतीपाशी आलात आणि डावीकडून चौथ्या काठीला हात घातलात, तर मी आनंदानं येईन. लाकूड अजून धड आहे. फक्त जुनी खाच बघून फसू नका. मला आधी तुमच्या पायाशी उभं करा, आपला दोरा आपण बांधा, आणि पाण्यात उतरल्यावर दोऱ्याबरोबर गुडघ्याकडेही बघा. आणि एवढं कशासाठी चालताय, ते वाटेत कधीतरी मोठ्यानं बोला. निदान मला तरी बारा वर्षं थांबवू नका.