दाराला आतून कडी

दगाला क्रांतीचा क्रम तोंडपाठ होता. आधी परिस्थिती पिकते, मग कामगारांत जाणीव येते, मग त्यांतल्या सगळ्यांत जाग्या माणसांचं अग्रदल उभं राहतं, आणि बाकीचा मागास थर त्या अग्रदलामागून चालू लागतो. यातली एकही पायरी गाळायची नाही. सुरतेतल्या बमरोलीच्या आपल्या खोलीत, वीजकपातीच्या सुट्टीला, तो हे सात-आठ खानदेशी विणकरांना समजावून सांगायचा, आणि ती बिचारी मंडळी कपडे धुवायचे सोडून ऐकत बसायची. रशिया कोसळला तेव्हा या पठ्ठ्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, सिद्धांत चुकला नाही, तिथल्या लोकांनी पायऱ्या गाळल्या. मग पोटभर जेवला.

धनसुख सेठच्या खात्यात तो आठ लूम सांभाळायचा. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. अग्रदल कोण, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका नव्हती: लूम चालवणारे, आणखी कोण? त्याची बायको शोभाबाई त्याच खात्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची धाग्याची नळी. ती संपली की लूम उभा. तिला धरून चार शेडमध्ये मिळून अशा एकोणीस बाया होत्या. दगाच्या क्रमात त्या मागास थरात मोडत, आणि ही गोष्ट त्याने शोभाबाईपासून कधी लपवलीही नव्हती.

या बायांची अडचण मोठी साधी होती. पुरुषांना खात्यामागच्या भिंतीचा आडोसा पुरायचा, बायांसाठी काहीच नव्हतं. प्लेगनंतर महापालिकेने सुरत घासूनपुसून लख्ख केली, पेपरात फोटो झळकले, पण तो लख्खपणा धनसुख सेठच्या फाटकाच्या आत काही शिरला नाही. बारा तासांच्या पाळीत बाया पाणीच पीत नसत. श्रावण लागला आणि छाया नावाची विशीतली पोर मशीनवर बसल्या जागी कळवळून आडवी झाली. डॉक्टर म्हणाला, पाणी पी आणि लघवी रोखू नको. जसं काही ती हौसेने रोखत होती.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई सेठपुढे उभी राहिली. आम्हाला एक संडास बांधून द्या, म्हणाली, आणि त्याच्या दाराला आतून कडी पाहिजे. सेठ आधी हसला. संध्याकाळी सुकलाल मुकादमाकडून निरोप आला, की शोभाबाईने उद्यापासून कामाला येऊ नये.

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दगा चिडला, पण सेठवर नंतर, आधी तिच्यावर. संडास ही नुसती सुधारणा आहे, त्याने समजावलं. मालक एक तुकडा फेकतो आणि कामगाराचा राग थंड करतो. वेळ आली की सगळंच मिळेल, तोवर राग जपून ठेवायचा. शोभाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“तुमनी क्रांती येवाले कितला वरीस लागतीन?”

ते आधी सांगता येत नाही, असं दगाने प्रामाणिकपणे कबूल केलं.

“मंग तवलोंग आम्ही कोठे जावानं?”

दगाने आवाज चढवला. येत्या रविवारी सभा घेतो, विणकर काय ते ठरवतील, तू गप्प बस, असं सांगून त्याने ताट ओढून घेतलं.

येता रविवार म्हणजे नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे कानबाई देवीचा. त्या दिवशी खानदेशी माणूस कुठेही असो, घरी नारळाच्या रूपात कानबाई बसते, रोट रांधले जातात आणि भाऊबंद एका पंगतीला बसून ते खातात. दगाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने मुद्दामच तो दिवस धरला. कानबाई हा सरंजामी अवशेष आहे; ती सोडून जो सभेला येईल तोच खरा जागा, असा त्याचा हिशेब. अशी चूक करायला माणूस खानदेशी असावा लागतो आणि वर थोडा शिकलेलाही असावा लागतो. सभेला तिघे जमले, त्यांत एक तो स्वतः. किसन जांभया देत होता. निंबा पाच मिनिटं चुळबुळला आणि म्हणाला, दादा, पंगत खोळंबली असेल. दोघे उठून गेले. उरलेलं भाषण दगाने गिळलं.

गावाकडे रोटाच्या पंगतीला ज्याची त्याची भाऊबंदकी बसते. सुरतेत सगळ्या गल्लीचीच एक भाऊबंदकी झाली होती. त्या साली कानबाई कांडीवाल्या मालतीबाईंच्या ओट्यावर बसली आणि तिच्यापुढे एकोणीसच्या एकोणीस बाया जमल्या. तिथे भाषण झालं नाही, ठराव झाला नाही. शोभाबाईने कानबाईच्या नारळावर हात ठेवला आणि दाराला कडी लागेपर्यंत कांडीला शिवणार नाही म्हणाली. मग छायाने हात ठेवला, मग मालतीबाईंनी, मग बाकीच्यांनी. सोमवारी त्यांनी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत बोळवलं. मंगळवारी सकाळी सातला त्या खात्याच्या फाटकापुढे फतकल मारून बसल्या होत्या.

शिलकी कांड्या दोन तास पुरल्या. नवाच्या सुमारास दगाचा तिसरा लूम थांबला, मग पाचवा, मग शेजारच्या ओळीतले दोन. अकरा वाजता चारही शेड गप्प झाल्या आणि पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. अठरा वर्षं दगा या खडखडाटात जगला होता. तो बंद कसा पाडायचा याचे त्याने वहीत नकाशे काढले होते, समित्या नेमल्या होत्या. आणि एकाही विणकराने बोट न उचलता तो बंद पडला होता. दगाचे डोळे भरून आले. लाजही वाटली आणि अभिमानही, आणि कोणता जास्त हे त्याला ठरवता येईना.

सुकलालने किसनला कांडी मशीनवर बसवून पाहिलं. किसनने भरलेली कांडी इतकी ढिली निघाली, की दहाव्या फेऱ्याला धागा गुंतून कापड फाटलं. मग सुकलाल रिक्षा करून सुरतेच्याच लिंबायत भागात गेला आणि तिथून चार कांडीवाल्या घेऊन आला. त्याही खानदेशच्याच. फाटकाशी उतरून त्यांनी विचारलं, काय झालं. कानबाईच्या नारळावर हात ठेवलाय म्हटल्यावर चौघी त्याच रिक्षात परत जाऊन बसल्या, आणि जाण्याचं भाडंही सुकलालनेच द्यावं म्हणाल्या.

शेवटी सेठ स्वतः दगाकडे आला. “दगाभाई, घरवाळीने समजावो,” म्हणाला, म्हणजे बायकोला समजाव, आणि नाही समजावलं तर तुझेही आठ लूम दुसऱ्याला देतो, हेही हळूच बोलला. दगा फाटकाशी गेला. शोभाबाईने मान वर केली. ती विनवत नव्हती आणि धमकावतही नव्हती, नुसती बघत होती, हा माणूस आता कुठली पायरी सांगतो ते. सगळं खातं मागे येऊन उभं राहिलं होतं.

“सेठ,” दगा म्हणाला, “इनके बिना मेरा आठ लूम खाली लोहा है. मैं किसको समझाऊँ?”

आणि तो बायांच्या मागे, शेवटच्या ओळीत जाऊन बसला. थोड्या वेळाने निंबा येऊन त्याच्याही मागे बसला, मग किसन, मग चारही शेड. मागास थराची जागा हीच, हे दगाच्या ध्यानात आलं, आणि तिथे बसून त्याला आयुष्यात वाटला नव्हता इतका आनंद झाला.

बुधवारी विटा आल्या. गुरुवारी गवंडी आला. शुक्रवारी भिंती उभ्या राहिल्या तेव्हा सेठ म्हणाला, आता तरी आत चला, दार मागाहून बसेल. बाया हलल्या नाहीत. शनिवारी सकाळी सुतार दार घेऊन आला, बसवलं, आणि सगळ्यांदेखत आतून कडी ठोकली. मग सेठला शोभाबाईचं नाव घेऊन, सगळ्यांदेखतच, कामावर ये असं म्हणावं लागलं. दगाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. चारही शेडनी वाजवल्या.

शोभाबाई उठली, लुगडं झटकलं आणि सावकाश चालत गेली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. विणकर आपापल्या लूमपाशी जाऊन खोळंबले, सुकलाल खोळंबला, आणि धनसुख सेठ मनगटावरचं घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागला. दगाने आतून एक खुर्ची आणली आणि सेठपुढे ठेवली.

“बैठो, सेठ,” तो म्हणाला. “अभी अठारा बाई बाकी है.”