खणखणत्या दगडाची लेक

मी एक दगडी कुऱ्हाड, नवलाख उंबरे गावातल्या नथूच्या घरच्या कोनाड्यातून बोलतेय. जरा टेका की इथं. अशी गंमत घडलीय की सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

नथूनं भाताचं खाचर नांगरताना मला वर काढलं. काळी, गुळगुळीत, एका टोकाला धार. त्यानं ठरवूनच टाकलं की ही विजेबरोबर आभाळातून पडली. त्याची बायको कस्तुराबाई मला कुंकू लावू लागली. गाईची कास सुजली की माझी धार सांभाळत मला कासेवरून फिरवायची. गाय आपली आपण बरी व्हायची आणि मान मला मिळायचा. मीही गप्प बसून घेत होते.

खरं म्हणजे मी समोरच्या टेपाडाची. तिथं साध्या खडकाच्या पोटातून काळ्या दगडाची एक भिंत आडवी गेलीय. लोखंड कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. एक माणूस तिथं आला. गोट्यानं खडकावर ठोकायचा आणि कान लावायचा. बद्द वाजलं की पुढं. माझ्यावर ठोकलं, मी खणखणले, तसा तो तिथंच थांबला.

त्यानं मला भिंतीतून सुटं केलं. नदीतल्या गोट्यानं दोन्ही अंगांनी माझ्या कपच्या उडवल्या, मग बारीक ठोके देऊन उंचवटे बसवले. त्याच्या बायकोनं मला ओली वाळू घालून खडकावर घासघास घासलं. घासताना वस्तीतल्या बायकांच्या गप्पा चालायच्या. मला कान लावून ऐकायची खोड लागली ती तिथं. पुढं दांड्यात बसून मी पुष्कळ झाडं पाडली. एकदा दांडा मोडला आणि मी चिखलात गेले, ती नथूच्या नांगरापर्यंत.

तर यंदा आगगाडी विजेवर धावणार म्हणून रुळांची कामं निघाली. घोरावाडी स्टेशनाकडच्या रुळांखालची खडी नथू-कस्तुराबाईची टोळी फोडायची. एका संध्याकाळी कादर मुकादम मूठभर खडी घेऊन दारात आला. मूठ आवळली, उघडली, तर भुगा.

"नथूभाऊ, ही खडी हाय का भाकरीचं पीठ? सायेब ठेवून घेत न्हाई. उद्या दुपारपातूर पक्का दगड दावा, न्हाईतर काम दुसऱ्या गावाला जातंय. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई."

काम गेलं की नथू मुंबईला गिरणीत जाणार, हे ठरलेलं. कस्तुराबाईची पळी कालवणातच राहिली.

एवढ्यात शेजारची अंबूबाई विस्तव मागायला आली. तिची चूल नेमकी आमच्याकडं कुणी आलं की विझते. तिनं उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि बोलता बोलता मला उचलून उंबऱ्याच्या दगडावर टेकवलं. खण्ण.

"मावशी, द्येवाला आपटता व्हय?" कस्तुराबाई धावली.

"आपटतीय कशाला, टेकवली. ऐक की. आमची म्हस टेपाडावर चरती, तितं काळ्या दगडावर काठी पडली की असाच नाद येतो. वाजतो त्यो दगड पक्का."

"आभाळातला दगड टेपाडावर कसा आसंल?"

"मला काय इचारती? नेऊन वाजवून बगा."

पाय असते तर वाट दाखवत पुढं पळाले असते. नथूनं हात पुढं केला, पण कस्तुराबाईनं मला पदराखाली घेतलं. "वाजवताना फुटली म्हंजी? काम बी जाईल आन द्येव बी."

सकाळी मात्र तीच म्हणाली, "चला. पर मीच नेनार आन मीच वाजवनार."

टेपाडावर तिनं आधी मला हलकेच वाजवलं, मग भिंतीवर गोटा मारला. तोच नाद. अहो, किती काळानं मी माझ्या घरचा आवाज ऐकला. नथूनं घण घातला तर घण उसळून मागं आला. चारदोन घावांनी एक काळा, बारीक दाण्याचा तुकडा निघाला. दुपारी आलेल्या कादरनं तो खडी फोडायच्या सुतकीनं ठोकला, तळहातावर घासला, दातसुद्धा लावून बघितला.

"ह्यो चालतोय," तो म्हणाला. "आगगाडी काय, वर हत्ती नाचवा."

अंबूबाई तिथंही होतीच. ती पायथ्याशी वाकली होती. "आगं, हितं आदीच कुणी खडी फोडून ठिवलीय. ढीग हाय बग."

कस्तुराबाईनं त्या कपच्यांतून एक तुकडा उचलला. माझ्याच घाटाचा, अर्धा घडवलेला, मधेच मोडलेला. तिनं मला त्याच्याशेजारी धरलं आणि दोन्हींचे घाट ताडून बघितले.

"म्हंजी ही पडल्याली न्हाई," ती हळू म्हणाली. "केल्याली हाय."

"मंग आता? टाकून देती?" अंबूबाईनं विचारलं.

कस्तुराबाईनं मला पदरानं पुसलं.

"टाकीन कशी? एवढी धार काढताना कुणाचं तरी हात सोलपाटलं आसतील." खडी फोडून घट्टे पडलेला अंगठा तिनं माझ्या धारेवरून फिरवला. मग कादरकडं वळली. "मुकादम, ह्यो ढीग ऱ्हाऊ द्या. आमी त्या टोकाकडनं फोडू."

"बरं, वहिनी," कादर म्हणाला.

आता नथू गावातच आहे. माझी भावंडं पाट्या भरभरून रुळाखाली निघालीत. कस्तुराबाई मला कुंकू लावत नाही. कामावर जाताना पाटीत सुतकीशेजारी ठेवते. दुपारी भाकर खाताना बायका मला हातोहात फिरवतात. धार कशी काढली असेल यावरून त्यांचं भांडण जुंपतं. परवा एकीनं तर वाळू आणि पाणी घेऊन घासायलाच बसकण मारली. देवपणात एवढी मजा नव्हती.

तुम्हालाही कधी खाचरात असा दगड सापडला तर कुंकू लावा, नाहीतर नका लावू. एकदा धारेवरून अंगठा तेवढा फिरवून बघा. बरं, येते मी. कस्तुराबाईनं पाटी उचलली, आणि टेपाडावर पहिला घण वाजलासुद्धा.