घड्याळजींचे ठोके

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेलच तर पाठीवर पडून, छताकडे डोळे लावून, आणि जरा घाबरूनच. मी एक जुने ईसीजी यंत्र आहे. हातापायांना लावलेल्या चिमट्यांतून हृदयाचा एकेक ठोका ऐकायचा आणि बारीक चौकटींच्या कागदावर उतरवायचा, हे माझे काम.

कारखान्यात माझी सुई जुळवणाऱ्या कारागीर बाईंनी मला सरळ रेघ मारायला शिकवले. त्यामुळे मला नीटनेटक्या पट्ट्या फार आवडायच्या. ठोके मागेपुढे करणारा कोणी आला की मी मनातल्या मनात नाक मुरडायचे. दवाखान्यात मी नवे होते, तेव्हा बाहेरचे डॉक्टरसुद्धा मला बघायला येत. तेव्हापासून डोक्यात थोडी हवा गेली होती, ती काही उतरली नव्हती.

मला चालवणारी ताई मायाळू, पण धांदरट. रोग्याला आधी हात देऊन उठवायचे, मग चिमटे काढायचे आणि सर्वांत शेवटी मला बंद करायचे, ही तिची खोड. कितीतरी कागद वाया जाई. डॉक्टरबाई रागावत आणि ताई ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देई. या खोडीमुळे मला मात्र एक गोष्ट कळली होती. माणूस उठून उभा राहिला की त्याचे ठोके थोडी घाई करतात.

एका सकाळी एक घड्याळजी पत्नीला घेऊन आले. त्यांचा उजवा हात कापत होता. दोन वर्षांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले होते आणि दुकानातली बारीक कामे हातची गेली होती. उरले होते एकच काम, बाजारातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला दर आठवड्याला किल्ली द्यायचे. त्यासाठी नव्वद पायऱ्या आणि वर एक उभी शिडी चढावी लागे. आता नगरपालिकेच्या कचेरीने सांगितले होते, डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर मनोऱ्याची चावी जमा करा.

"नाडी बघा माझी," ते ताईला म्हणाले. "सेकंदकाट्याशी लावून बघतो मी रोज. जराही फरक नाही."

"आणि उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, ते कोण सांगणार?" पत्नी म्हणाली.

"अगं, तो अशक्तपणा. त्याचा इथं काय संबंध?"

ते झोपले. हाताच्या थरथरीने रेघ बिघडू नये म्हणून ताईने तो हात आपल्या हातात धरून ठेवला. मी पट्टी काढू लागले आणि थक्क झाले. दोन ठोक्यांमधले प्रत्येक अंतर अगदी सारखे होते. इतकी देखणी पट्टी मी क्वचितच काढली असेल.

"काका, घड्याळासारखं चाललंय तुमचं," ताई म्हणाली. घड्याळजींना आणखी काय हवे होते?

मग सवयीप्रमाणे तिने त्यांना हात देऊन उभे केले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, तोल गेला. पत्नीने सावरले म्हणून ते खाटेवर परत बसले. मी चालूच होते. मी ठोक्यांच्या घाईची वाट पाहत होते, पण घाई आलीच नाही.

ताई तो जादा तुकडा फाडणार, तेवढ्यात घड्याळजींनी तो मागून घेतला. खिशातले भिंग डोळ्याला लावले, डाव्या हातात टेबलावरचे कर्कटक धरून अंतरे मोजली. "बघा, पडता पडता वाचलो, तरी एक चौकट इकडची तिकडं नाही," ते अभिमानाने म्हणाले.

ताई थबकली. उभे राहूनही ठोके जराही वाढले नाहीत, हे तिला खटकले. "काकू, तुम्ही जरा झोपता का?"

"मला काय धाड भरलीय?" असे म्हणत काकू झोपल्या. त्यांनी श्वास घेतला की ठोके जवळ येत, सोडला की लांब जात. उभ्या राहिल्या तेव्हा तर ते धावतच सुटले. घड्याळजींनी ती पट्टी भिंगाखाली धरली आणि त्यांचा आवाज खाली आला. "अगं, तुझं बिघडलंय."

ताईने डॉक्टरबाईंना बोलावले. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि घड्याळजींचा रक्तदाब आधी झोपवून, मग उभे करून मोजला. उभे राहताच तो एकदम उतरला.

"काकूंचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "श्वास घेतला, उठलं, घाबरलं, की मज्जातंतू हृदयाला निरोप देतात आणि ते चाल बदलतं. तसंच बदलायला हवं. तुमच्या आजारानं नुसता हात धरला नाही, हे निरोपही अडवलेत. तुम्ही उभे राहता, रक्त पायांत उतरतं, आणि हृदयाला त्याचा पत्ताच नसतो."

"आणि शिडीवर असं झालं तर?" पत्नीने विचारले.

"म्हणून तर दाखला देणार नाही."

घड्याळजी बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "जन्मभर मी यालाच बरं चालणं म्हणत आलो," ते म्हणाले. मित्रांनो, मलाही लाज वाटली. ती पट्टी देखणी म्हणून मीच आधी हुरळले होते.

डॉक्टरबाईंनी गोळ्या बदलल्या, पाणी जास्त प्यायला सांगितले, उठण्याची पद्धत शिकवली. सहा महिन्यांनी ते पुन्हा आले. खाटेच्या कडेला बसले, पाय हलवले, मनगटावरच्या घड्याळात पुरती दोन मिनिटे मोजली आणि मग उठले.

"चावीचं काय झालं?" ताईने विचारले.

"माझ्याकडं आहे," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं यांना हत्यारं हातात दिली, तेवढं येतं मला. माझ्या नावाचा दाखला काढला आणि मीच वर चढते. हे खाली बाकावर बसतात. मी उतरले की आधी माझं मनगट धरतात. 'धावतंय' म्हणतात, आणि मगच घरी निघतात."

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे आणि मी कपाटात आहे. माझ्यावर धूळ बसू देऊ नका, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे घरातल्या माणसांसाठी आहे. थरथरत्या हातांचे कोणी आजोबा, कोणी मावशी अंथरुणातून उठत असतील, तर "चला लवकर" म्हणू नका. त्यांना कडेला बसू द्या, शेजारी तुम्हीही बसा. त्यांच्या हृदयाला घाई करता येत नाही, तर तुम्हीही करू नका.