एकसष्ट घरांपुढची रेघ

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, २००३ साली कर्वेनगरातल्या ज्या खोलीत मी कामाला लागलो, तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, टेलिफोनची एक वायर, माझ्या मापाने शिवलेले एक कापडी झाकण आणि चारशे बारा कागदी अर्ज होते. अर्ज दोनदा मोजलेले होते.

माझे भाग तपकीर गल्लीतल्या तीन दुकानांतले. ते जुळवून झाल्यावर मैत्री नावाच्या मुलीने मला रिक्षातून, मांडीवर धरून आणले. ती संख्याशास्त्र शिकून नुकतीच एका लहान संस्थेत लागली होती. संस्थेने नदीकाठच्या एका वस्तीत घरोघर विचारले होते की, नळाला रोज किती वेळ पाणी येते? ती उत्तरे गल्लीवार, उभ्या पट्ट्यांच्या आलेखात दाखवणारे इंटरनेटवरचे पान मैत्रीला तयार करायचे होते. शुक्रवारी पाणीखात्याचे साहेब तो आलेख पाहून नवी जलवाहिनी कुठल्या गल्लीत टाकायची ते ठरवणार होते.

पान तयार झाले. चाचणीसाठी मैत्रीने मनाने दहा अर्ज रचले. तिच्या स्वतःच्या घरात तीन नळ होते. तिच्या दहाही अर्जांत पाण्याची वेळ भरलेली होती. मी दहाही वेळा बरोबर उत्तर दिले. मग तिने खरे अर्ज माझ्यात भरले.

बुधवारी वस्तीतल्या दोघीजणी पान बघायला आल्या. सुशीलाबाई पहिल्या गल्लीत राहत. सगळे अर्ज त्यांनीच भरून आणले होते. द्वारकाबाई चौथ्या गल्लीतल्या. त्या पडद्याजवळ वाकल्या आणि बोटाने पट्ट्या मोजू लागल्या.

"एक, दोन, तीन. बाई, आमची चौथी गल्ली कुठं हाय?"

मैत्रीने यादी पाहिली. चौथ्या गल्लीची एकसष्ट घरे होती, पण वेळेचा रकाना रिकामा होता. तिने कागद काढले. त्या जागी एकसष्ट आडव्या रेघा होत्या. रेघ म्हणजे उत्तर मिळाले नाही, असे समजून तिने रकाने मोकळे सोडले होते, आणि मोकळे रकाने मोजू नकोस, असे मला सांगितले होते. मी मोजले नव्हते.

"सुशीलाबाई, या घरांनी उत्तर दिलं नाही का?"

"दिलं की! नळच नाही म्हणाले."

"मग शून्य का नाही लिहिलंत?"

सुशीलाबाई बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणणाऱ्या. "अहो, कुणाच्या घराच्या नावापुढं शून्य कसं लिहायचं? बरं दिसतं का ते?"

"आन् साहेबांला गल्लीच दिसली नाय, ते बरं दिसंल?" द्वारकाबाई म्हणाल्या. "लिवा शून्य. डोक्यावर हंडा मी व्हाते, मला नाय लाज वाटत."

मैत्रीने एकसष्ट शून्ये भरली. तरीही पट्टी दिसेना, कारण शून्याला उंची नसते. तेव्हा तिने चौथ्या गल्लीच्या जागी तांबड्या रंगात मोठे शून्य काढले. वस्तीची सरासरी दोन तास वीस मिनिटांवरून एक तास एकोणसाठ मिनिटांवर आली. शुक्रवारी साहेबांनी त्या शून्यावर पेन टेकवून विचारले, "हे काय आहे?" उत्तर द्वारकाबाईंनी दिले.

पुढे सहा वर्षे मी अशीच पाने दाखवली. पाहुणे माझ्या पडद्याचे कौतुक करत. मग लॅपटॉप आले आणि माझी जागा माळ्यावर झाली. मैत्रीही दुसरीकडे गेली. झाकण उंदरांनी कुरतडले. आता मला भंगारात द्यायचे ठरले आहे, आणि त्यात काही चूक नाही.

पण मित्रांनो, एखादे जुने यंत्र टाकण्याआधी एकदा सुरू करून आत काय आहे ते वाचा. आणि आलेख पाहताना पट्ट्यांइतकेच मोकळ्या जागांकडेही बघा. तिथे कुणाचे तरी घर असू शकते.

पहिल्या पाहणीनंतर दीड वर्षाने वस्तीत पुन्हा तेच विचारले गेले. तो तक्ता अजून माझ्यात आहे. चौथी गल्ली: घरे एकसष्ट, रेघा शून्य, पाणी रोज पन्नास मिनिटे.